हणमंताची पाठ

ती जखम कुणीतरी केली होती. कुणी, ते मला माहीत नाही आणि आता शोधायचंही नाही. पण ती आपोआप झाली असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. एक धडधाकट माणूस तीन आठवडे उताणा पडून होता. त्या तीन आठवड्यांत त्याच्या खाटेजवळून डॉक्टर गेले, नर्स गेल्या, चहावाला गेला, पाहुणे नारळ ठेवून गेले. याची कूस बदलावी, असं एकालाही वाटलं नाही. केसपेपरवर मात्र रोज न चुकता लिहिलेलं, ‘प्रकृती ठीक.’

असो. मी अशी रागावून सुरुवात केली की मैत्रिणी म्हणतात, "तू भाषण करणार असशील तर आम्ही चहा ठेवून येतो." म्हणून भाषण नको, किस्सेच सांगते. वॉर्डातल्या किश्श्यांचं एक असतं. एक बाहेर ओढावा तर त्याच्या शेपटाला दुसरा बांधलेला असतो, आणि दुसऱ्याच्या शेपटाला तिसरा. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. दुष्काळ नुकताच सरला होता. मी साताऱ्याची, नुकती एमबीबीएस झालेली, सांगलीतल्या एका जुन्या हॉस्पिटलात हाउस सर्जन म्हणून लागले होते. वय तेवीस. जग बदलायला साधारण सहा महिने पुरतील, असा माझा अंदाज होता.

*

पहिल्याच आठवड्यात हणमंता आला. इस्लामपूरच्या पलीकडच्या एका गावचा, तिशीतला, उसाचा शेतकरी. भरलेल्या ट्रॉलीवरून पडला आणि पाठीचा मणका मोडला. कमरेखाली सगळं बंद. दुसऱ्या एका दवाखान्यात तीन आठवडे काढून तो आमच्याकडे आला होता.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे निघाले. मी म्हटलं, "सर, पाठ बघायची राहिली." ते थांबले. चौघांनी मिळून हणमंताला कुशीवर केलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम, आणि वास असा की मामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय शिवामामा, खिडकी उघडायला धावले.

"काय हाय मागं?" हणमंतानं विचारलं. "मला तर कायच दुखत न्हाई."

वॉर्डच्या साळुंखे सिस्टर पन्नाशीच्या होत्या. वॉर्ड त्यांचा होता, आम्ही डॉक्टर तिथले पाहुणे. त्या शांतपणे म्हणाल्या, "दुखत नाही, म्हणूनच झालं बाबा ते."

बाहेर व्हरांड्यात मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "मणका जुळेल, पण पाय येणार नाहीत. आणि अशी माणसं मणक्यानं जात नाहीत, पाठीनं जातात. जखम भरली तर हा खुर्चीत बसून घरी जाईल. चिघळली तर जाणार नाही."

मी आत आले तेव्हा हणमंताचा एकच प्रश्न होता. "बाई, बसून जेवता कवा यील? पडून खाल्ल्यावर घास आडवा जातोय."

*

आता पाठ कशी सडते, हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं आणि नऊ मिळवले होते. ते मी सिस्टरांना ऐकवायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि ड्रेसिंगरूममधल्या लाकडी टेबलाकडे बोट दाखवलं. "झोपा डॉक्टर. उताण्या. हलायचं नाही."

मी झोपले. पाच मिनिटांनी माकडहाडाला मुंग्या आल्या. आठव्या मिनिटाला टाचा जळायला लागल्या. अकराव्या मिनिटाला मी टुणकन उठून बसले.

"तुम्हाला अकरा मिनिटांत निरोप आला," सिस्टर म्हणाल्या. "त्याची तार तुटलीय. त्याला निरोप कधीच येणार नाही. त्याच्या वतीनं आपण उठायचं, दर दोन तासांनी."

मग त्यांनी मला पाठ वाचायला शिकवलं. हाडावरच्या लाल जागेवर बोट दाबायचं आणि उचलायचं. जागा पांढरी पडून पुन्हा रंग भरला, तर कातडीखालचं रक्त वाहतंय. रंग हललाच नाही, तर समजायचं, रक्त अडलंय, कातडी मरत आलीय. मी लगेच हणमंताच्या खुब्यावर बोट दाबून बघितलं. काहीच दिसेना. उन्हात रापलेली सावळी कातडी, त्यावर लाल काय आणि पांढरं काय!

"पुस्तकातल्या पाठी गोऱ्या असतात," सिस्टर म्हणाल्या. "आपल्या वॉर्डात उपडा हात लावायचा. तव्याचा अंदाज घेतो तसा. शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागलं, कडक लागलं, की त्या अंगावर झोपवायचं नाही."

कॉलेजच्या साडेपाच वर्षांत हे मला एकाही सरांनी सांगितलं नव्हतं. सरांनी बहुधा कुणाला हात लावला नसावा.

*

मी कामाला लागले. एक झकास तक्ता आखला. रेघा लाल शाईनं, वेळा निळ्या शाईनं. सकाळी सहा, आठ, दहा, असे बारा रकाने. डावी कूस, पालथा, उजवी कूस. रुग्णाला वळवलं की मामांनी बरोबरची खूण करायची.

पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता राउंडला गेले. बाराच्या बारा रकान्यांत खुणा!

"मामा, आत्ता आठ वाजलेत. दुपारी चारची खूण कशी?"

"दिवसभरात सवड मिळंल न मिळंल," मामा म्हणाले. "म्हणून सकाळीच उरकून घेतलं."

मी तिथेच कडाडले. माणुसकी, कर्तव्य, समाजवाद, जे सुचेल ते सगळं बोलले. चाळीस खाटांचे पेशंट कान टवकारून ऐकत होते. माझा दम संपल्यावर मामा म्हणाले, "बाई, चाळीस माणसं आन् आमी दोघं. एकाला वळवायला तिघं लागत्यात. ह्यो तिसरा तुमच्या कागदात कुठं लिवलाय?"

त्या दिवशी तिसरी मी झाले. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी माझी स्वतःचीच कंबर धरली आणि सिस्टरांनी मला स्पिरिट चोळलं.

*

हणमंताचे वडील, तात्या, मुलाजवळच असायचे. फेटा मांडीवर ठेवून व्हरांड्यात बसलेले. एका दुपारी मी त्यांना समोर बसवलं आणि सगळं समजावलं. कातडीखाली केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात, हाडाचा भार पडला की त्या चेपतात, रक्त थांबतं, कातडी उपाशी मरते. पाटीवर चित्रही काढलं. वीस मिनिटं तात्या ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे खांदा आलाय."

"खांदा नाही हो, माकडहाड."

"आवं बाई, बैलाचा खांदा येतो, तसं. जू घासून घासून सुजतोय, मग फुटतोय."

"मग तुम्ही काय करता?"

"जू काढतो," तात्या म्हणाले. "मलम लावून परत त्येच जू घातलं, तर बैल माणूस न्हाई म्हणून गप बसतोय, एवढंच."

मागे सिस्टर औषधाची बाटली हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती टेबलावर ठेवली. आमच्याकडे आल्यापासून त्या जखमेवर लाल औषध, निळं औषध, पावडर, सगळं झालं होतं. जू मात्र कायमचं निघालं नव्हतं.

तात्यांनी मग विचारलं, "दोन तासाला एकदा. दिवसरात. किती दीस?"

"चार महिने तरी."

त्यांनी थोडा विचार केला. "आमची हीर सात जणांत हाय. सात घरं, सात वार. ज्येचा त्यो वार, सकाळी सा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सा. त्येच्या वारी मोटर त्येची, पानी त्येचं. आजवर कुनाचा वार कुनी चुकवला न्हाई. मरण झालं तरी मानूस दारं धरायला, पानी वळवायला जातंय. तसंच करू. ज्येचा जो वार हिरीवर, त्येचा त्यो वार हितं. येताना जोडीला एक गडी आनायचा."

मी तक्ता आखायला घेतला. तात्या म्हणाले, "कागद नगं. ध्यानात असतंय."

पुढच्या सोमवारपासून इस्लामपूरच्या एसटीनं माणसं यायला लागली. दोघं उतरायची, दोघं चढायची. सिस्टर प्रत्येकाला हात धुवायला लावून उपडा हात कसा लावायचा ते शिकवायच्या. पंधरवड्यात तो वॉर्ड असा झाला होता, की उसाला पाणी देणारी चौदा राकट माणसं एकमेकांना सांगत होती, "डाव्या खुब्याला जरा ऊन लागतंय, आज उजवीवर धरा."

*

या पद्धतीत चूक झालीच नाही असं नाही. गुरुवारच्या घरचा आनंदा मोठा उत्साही गडी. गुरुवारी संध्याकाळी मी आले तर हणमंता पांढराफटक, डोळे तारवटलेले, चक्कर येतेय म्हणतोय. नाडी बघितली, ताप बघितला, काही सापडेना. शेवटी त्यालाच विचारलं.

"ह्येनं सकाळपासनं मला अर्ध्या अर्ध्या तासाला फिरवलंय," हणमंता म्हणाला. "जेवताना बी फिरवलं. डोळा लागला की फिरवतोय."

मी आनंदाकडे वळले. "दोन तास म्हणजे दोन तास. अर्धा तास कुणी सांगितला?"

आनंदा अभिमानानं म्हणाला, "लाईट हाय तवर भिजवून घ्यावं, बाई. फुडच्या पाळीला आसंल न आसंल."

*

शेजारच्या खाटेवर दौलूआण्णा होते. कवठे महांकाळकडचे, सत्तरीचे. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लटकवलेलं, आणि हाड जुळायचं नाव घेत नव्हतं. त्यामुळे तोंडाला विश्रांती नव्हती. विहिरीच्या वारांची गोष्ट त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "चांगलं हाय तुमचं. आमच्याकडं पान्यावरनं भांडायचं म्हटलं तर आदी पानी आनावं लागतंय."

जखमेतली मेलेली कातडी कापून झाल्यावर सिस्टरांनी एक नवा उपाय काढला. जखमेत साखर भरायची. साखर पाणी ओढून घेते, घाण वाढू देत नाही. मला शंका होती, पण मोठे डॉक्टर म्हणाले, करून बघा. हणमंताच्या गावाला साखर सांगायची म्हणजे समुद्राला मीठ सांगण्यासारखं. शुक्रवारच्या माणसानं डबा भरून आणला. सिस्टरांनी चमच्यानं जखम भरायला घेतली तेव्हा दौलूआण्णा मान उचलून बघत होते.

"सिस्टरबाई," ते म्हणाले, "कालच्या माझ्या च्यात ह्यातली चिमूट तरी पडली आसती, तर मी कशाला कुरकुर केली आसती?"

दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग खिडकीतून थेट हणमंताच्या खाटेवर. त्याला मुंग्या चावलेल्या कळणारही नाहीत, म्हणून मी फडक्यानं त्या झटकत सुटले. शनिवारच्या घरची म्हातारी स्वयंपाकघरातून चार वाट्या घेऊन आली, खाटेच्या चारही पायांखाली ठेवून पाण्यानं भरल्या. घरी पिंपाखाली ठेवते तशा. मोठे डॉक्टर राउंडला आले, वाट्यांकडे बघून थबकले आणि मला म्हणाले, "ही कुठल्या पुस्तकातली पद्धत?"

दौलूआण्णांनी परस्पर उत्तर दिलं. "सायेब, गुळाच्या ढेपंला करत्यात. ढेप अजून दगावली न्हाई."

*

एक किस्सा माझ्या मूर्खपणाचाही सांगते, नाहीतर वाटेल मी फक्त दुसऱ्यांचेच सांगते. दोन दिवसांच्या रजेवर साताऱ्याला गेले होते. तिथे सायकलच्या दुकानात जुन्या ट्यूबा बघितल्या आणि डोक्यात दिवा पेटला. ट्यूब गुंडाळून टाचेखाली गोल रबरी चुंबळ ठेवली तर टाच अधांतरी राहील, भार पडणारच नाही. चार ट्यूबा घेऊन, एसटीत त्या मांडीवर सांभाळत, मी विजयी मुद्रेनं सांगलीला परतले. आईनं दिलेला लाडवांचा डबा घरीच विसरला.

दोन चुंबळी हणमंताच्या टाचांखाली ठेवल्या, एक दौलूआण्णांच्या. तासाभरानं बघते तर आण्णांची चुंबळ खाटेखाली.

"काढली का?"

"काचतीया."

मला राग आला. म्हटलं, शिकलेल्या माणसानं कष्टानं काही आणावं आणि अडाणीपणानं ते फेकून द्यावं. हणमंता बघा, काही तक्रार नाही. सकाळी सिस्टरांनी मला बोलावलं आणि हणमंताची टाच दाखवली. टाचेचा मधला भाग वरून छान दिसत होता. भोवती मात्र बांगडीसारखा गोल वळ उठला होता, गरम आणि कडक. चुंबळीनं कडेकडेनं रक्त अडवलं होतं आणि मधल्या टाचेचं पाणीच तोडलं होतं.

"आण्णांना काचलं ते सांगता आलं," सिस्टर म्हणाल्या. "गोल केलं तरी जू ते जूच, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी रविवारच्या घरून सावरीच्या कापसाच्या दोन मऊ उशा आल्या. पोटरीखाली उशी, टाच मोकळी. माझ्या ट्यूबा मामांनी कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी कापून वापरल्या. तिथे त्या फार टिकल्या.

*

आता सोमवार.

सोमवार बाजीरावचा. हणमंताचा सख्खा चुलतभाऊ. दोन वर्षांपूर्वी हणमंता त्याला भर गावात बोलला होता, की हा सोमवारचं पाणी मंगळवारी दिवस वर येईपर्यंत ओढतो, आमच्या वाराचं पाणी खातो. मंगळवार हणमंताचा होता. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. पण विहिरीचा वार तसा इथला वार, असं ठरलेलं. मग बाजीरावला वगळणं म्हणजे त्याचा हक्कच काढून घेणं झालं असतं. तात्यांनी त्याला निरोप धाडला आणि तो आला.

सोमवारी सकाळी सहाच्या ठोक्याला दारात. रविवारचा माणूस दोन मिनिटं रेंगाळला तर हा दारातच थांबायचा. मग आत येऊन हणमंताशी एक अक्षर न बोलता सोबतच्या गड्याला खूण करायचा, वळवायचा, सगळ्या हाडांवरून उपडा हात फिरवायचा आणि भिंतीला सांगावं तसं मामांना सांगायचा, "गार हाय." हणमंताही भिंतीकडे बघत असायचा. मंगळवारी सकाळी सहाला बाजीराव मामांच्या समोर उभा. "मामा, सा वाजलं. मी चाललो. बघून ठेवा, मागनं कुनी म्हनायला नगं."

चार महिने एकही सोमवार चुकला नाही. बाकीच्यांचे वार कधी इकडे तिकडे झाले. कुणाचं लग्न निघालं, कुणाची ऊसतोड आली, आनंदाला गोवर झाला. सोमवार कधीच नाही. एकदा पुरानं एसटी बंद होती, तर हा आष्ट्यापासून चालत आला आणि सहाला पाच मिनिटं असताना पोचला. सिस्टर मला म्हणायच्या, "पाठ कुणाच्या वारी बिघडली ते मला हात लावून कळतं. सोमवारची कधी बिघडली नाही."

जखम आकसत गेली, लिंबाएवढी झाली, मग सुपारीएवढी. एके दिवशी ती मिटली. वर नवी, पातळ, गुलाबी कातडी. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः वाकून, दाबून, उपडा हात लावून बघितलं आणि म्हणाले, "सोमवारी बसवा."

सोमवारी अख्खा वॉर्ड जागा होता. मामांनी चाकाची खुर्ची पुसून आणली, शनिवारच्या म्हातारीनं सावरीची गादी शिवून दिली होती. बाजीरावनं आणि त्याच्या गड्यानं हणमंताला उचलून खुर्चीत ठेवलं. तो पांढरा पडला, डोळे मिटले, मग हळूहळू रंग आला. तात्यांनी गुडघ्यांवर पाट ठेवला, पाटावर ताट. भाकरी, वांग्याचं कालवण, कांदा. हणमंतानं पहिला घास घेतला आणि तो सरळ उतरला.

सिस्टर म्हणाल्या, "बसला म्हणजे सुटला नाही. बसल्यावर सगळा भार बुडाखाली जातो. पाव तासाला एकदा मागून बगलेत हात घालून उचलायचं, दमभर धरायचं. आणि झोपल्यावर वळवायचं ते आहेच. हे आता घरी गेल्यावरही, जन्मभर."

वाढता वाढता तात्यांचा हात थांबला. जन्मभर हा शब्द त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पोचला असावा.

पाव तास झाला. बाजीराव खुर्चीमागेच उभा होता. त्यानं बगलेत हात घातले, हणमंताला उचललं, धरलं. हणमंताच्या हातात भाकरीचा तुकडा होता. समोर बघतच तो म्हणाला, "लय येळ धरलंस. ठेव आता."

दोन वर्षांतलं ते पहिलं वाक्य. बाजीरावनं त्याला अलगद खाली ठेवलं. "दमभर धराय सांगिटलंय," तो म्हणाला. "माज्या वारी कमी पडलं म्हनून कुनी बोलाय नगं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं की मला भाषण सुचतं. मी पुढे झाले. म्हटलं, "पुरे झालं आता हे. सख्खे चुलतभाऊ तुम्ही. मी येत्या रविवारी गावाला येते, तात्या दोघांना समोरासमोर बसवतील, आणि हे भांडण कायमचं..."

माझ्या कोटाचं टोक कुणीतरी ओढलं. दौलूआण्णा. लटकवलेल्या पायासकट ते खाटेच्या कडेपर्यंत सरकले होते.

"बाई, तेवढं करू नगा," ते हळूच म्हणाले. "गोडी झाली, की ह्यो म्हननार, आज न्हाई जमत गड्या, उद्याच्याला बघू."